कपाट टेकेल अशी भिंत

महापालिकेच्या घरपट्टी खात्यात मी मोजणीदार आहे. लोकांच्या घरात जायचं, फीत लावायची, फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: लांबी, रुंदी, उंची. ज्या कुणी तो छापला त्याने आमच्या शहरातली टेकडीवरची वसाहत पाहिलेली नसणार. पाहिली असती तर चौथा रकाना ठेवला असता, 'कप्पाळ' नावाचा.

टेकडीवर पैसेवाले राहतात, आणि पैसेवाल्यांना चौकोनी घरात झोप येत नाही. तिथे एक जहाज आहे. तीन मजली, गोल खिडक्यांचं, पुढे टोक काढलेलं. मालकाला मात्र साध्या होडीत बसलं तरी उलट्या होतात. किटल्यांच्या एका कारखानदाराने किटलीच बांधली आहे. स्वयंपाकघरातला धूर तोटीतून बाहेर पडतो. एक काचेचं घर आहे, त्यातली माणसं दिवसभर पडदे ओढून बसतात. एक घर उलटं आहे: दार गच्चीवर, तिथून खाली खाली उतरत जायचं. त्या घरातल्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेल्यापासून तिने रस्ता पाहिलेला नाही. सुट्टीच्या दिवशी लोक फोटो काढायला येतात. फोटोत ती घरं छानच दिसतात. मोजायला गेलं की नाकी नऊ येतात.

ज्यांची ही घरं त्यांची नावं वर्तमानपत्रात येतात. ज्यांनी नकाशे काढले त्यांचीही येतात. पण त्यातल्या निम्म्या वाकड्यातिकड्या भिंती माझ्या मामाच्या हातच्या आहेत, हे मला, मामीला आणि टेकडीवरच्या चार सुतारांनाच माहीत. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. गवंडी. बुटका, रुंद पंजांचा, कामाला जाताना इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा आणि तिथे पोचल्यावर तो खुंटीला लावून जुनेरं चढवणारा. बोलायला बसला तर दोन वाक्यांत संपायचा. भिंतीशी मात्र तासन्‌तास असायचा.

त्याची कामाची तऱ्हा जगावेगळी होती. बाकीचे गवंडी ओळंबा सोडतात, म्हणजे दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, आणि दोरी बघून भिंत सरळ आली की नाही ते ठरवतात. मामा डोळे मिटायचा आणि ओल्या गिलाव्यावरून दोन्ही तळहात फिरवायचा. हात अडला की तिथे थापी मारायची, हात सुळकन गेला की पुढे सरकायचं. "डोळा फसतो," तो म्हणायचा, "तळहात फसत नाही." हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि खरं सांगतो, माझाही त्यावर विश्वास होता.

ही सवय त्याला लागली ती एका डॉक्टरांमुळे. कानाचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या कानांत डोकावून त्यांना कानाच्या आतल्या रचनेचं इतकं वेड लागलं, की राहायचं घरही तसंच हवं असं त्यांनी ठरवलं. आत आत वळत जाणारं, कुठे कोपरा नसलेलं. लोक त्याला शंखघर म्हणायचे. डॉक्टर चिडायचे. "शंख नव्हे, कान आहे तो!" असं गेटवर उभं राहून ओरडायचे, आणि लोक त्यांचाही फोटो काढायचे. पाच गवंडी हात टेकून निघून गेले होते. सहावा मामा. पहिल्या दिवशी त्याने पिशवीतून ओळंबा काढला तशी डॉक्टर म्हणाले, "तो घरी ठेवून या. इथे सरळ असं काहीच नाही." मामाने तो घरी नेला, मामीच्या हातात दिला आणि पुन्हा मागितला नाही.

घर झालं. अप्रतिम झालं, हे मी चिडूनही कबूल करतो. पुढे नोकरीला लागल्यावर त्या एका घराच्या मोजणीसाठी मी अकरा फेऱ्या मारल्या आणि शेवटी फॉर्मला कागद जोडून चित्र काढून दिलं. पण अशा भिंतींना ऊन-थंडीने केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या कुठल्या अंगाने भरायच्या ते मामालाच समजायचं. तेव्हा डॉक्टरांनी मामा-मामीला खालच्या वळणातल्या तीन खोल्या राहायला दिल्या. आईला केवढा अभिमान वाटला! भाऊ टेकडीवर राहायला गेला.

मामीला कुणी विचारलं नाही.

मामी सुताराची मुलगी. तिच्या वडिलांनी तिला लग्नात एक कपाट दिलं होतं, स्वतःच्या हाताने केलेलं. खांद्याएवढं उंच, दोन दारांचं, खाली दोन खण, आणि पाठ अशी सपाट की त्यावर कागद ठेवून पत्र लिहावं. त्या कपाटाला एकच गोष्ट लागत होती, पाठ टेकायला भिंत. शंखघरात ती नव्हती. कपाट कुठेही लावलं तरी एका कडेने भिंतीला शिवायचं आणि दुसरीकडे वीतभर फट राहायची. मामी घरी शिवणकाम करायची. तिची रिळं, बटणं, खडू, टेप, चष्मा, आलेली पत्रं, सगळं कपाटावर ठेवलं की घरंगळून त्या फटीत जायचं. हात पोचायचा नाही. शेवटी तिने एका काठीला तारेचा आकडा बसवला आणि ती काठी कपाटाशेजारी खिळ्याला टांगली. दिवसातून चार-पाच वेळा मामी गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून, आकड्याने आपली वस्तू ओढून काढायची. मी गेलो की मलाही लावायची कामाला. एकदा मी तिच्या बहिणीचं लग्नाचं पत्र काढलं, ते लग्न होऊन तीन महिने झाले होते.

बाकीचंही तसंच. कॅलेंडर भिंतीला चिकटून राहायचं नाही, हवेत तरंगायचं. पलंगाच्या डोक्याशी उशी खाली पडायची. आणि त्या घराचा खरा पराक्रम म्हणजे आवाज. तळाला पुटपुटलेलं वरच्या टोकाला ऐकू यायचं. डॉक्टरांना त्याचं भारी कौतुक. मामा-मामीला मात्र त्यापायी एकवीस वर्षांत धड भांडता आलं नाही. मामी स्वयंपाकघरात एकटीच काठी चालवताना म्हणायची, "एक सरळ भिंत. फक्त एक. जास्त नको." आणि मामा वर कुठेतरी भेग भरत असला तरी ते त्याच्या कानात पडायचं. त्याने ते रोज ऐकलं. उत्तर द्यायची सोय नव्हती, डॉक्टरांनी ऐकलं असतं.

डॉक्टर गेले. त्यांच्या पुतण्याने घर विकलं. नव्या मालकाला ते राहायला नको होतं, दाखवायला हवं होतं, आणि दाखवायच्या घरात राहती माणसं अडचणीचीच. मामा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. शहराच्या कडेला त्याने कधीकाळी घेऊन ठेवलेला जमिनीचा एक तुकडा होता. तिथे दोन खोल्या बांधायचं ठरलं.

"कसं बांधू?" मामाने विचारलं. मी तिथेच होतो.

"तुम्हाला हवं तसं बांधा," मामी म्हणाली. "मला एक भिंत सरळ द्या. कपाट टेकेल अशी."

"दिली," मामा म्हणाला.

एवढाच करार. बांधकाम चार महिने चाललं. विटा रचायला मामाने दोघे मजूर घेतले होते. गिलावाही त्याने त्यांच्यावरच सोपवला, कारण त्याला बाहेरच्या खोलीत फारसा रस नव्हता. ते आपले ॲल्युमिनियमची लांब पट्टी फिरवत भराभर थापत गेले. आतल्या खोलीतली एक भिंत मात्र त्याने कुणाला हात लावू दिली नाही. मजुरांना सुट्टी दिली, दार लोटून घेतलं आणि दोन दिवस एकटा त्या भिंतीपाशी होता. मी डबा घेऊन गेलो तेव्हा खिडकीतून पाहिलं. डोळे मिटलेले, दोन्ही हात भिंतीवर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी हाक न मारता डबा कट्ट्यावर ठेवून आलो.

भिंत वाळली, चुना झाला, आणि एका सकाळी टेंपोतून कपाट आलं. चौघांनी उचललं. खण मी हातात धरून मागे. मामीने नवीन साडी नेसली होती. तसं काही कारण नव्हतं, पण नेसली होती. कपाट भिंतीपाशी आलं, चौघांनी रेटलं आणि बाजूला झाले.

कपाट डुगडुगलं.

"फरशी असेल," मामा म्हणाला. त्याने पायाखाली चपटी लाकडं सरकवली. कपाट तरी डुगडुगलं. मी खण खाली ठेवून फीत काढली, सवयच ती. मधोमध कपाटाची पाठ भिंतीला घासत होती, आणि डावीकडे तीन बोटं, उजवीकडे दोन बोटं जागा मोकळी. शंखघरात निदान एका बाजूला फट होती. इथे दोन्ही बाजूंना.

मी फीत गुंडाळली.

"तुझ्या वडिलांचं लाकूड फुगलंय," मामा म्हणाला.

हे तो बोलायला नको होता. मामीचा चेहरा पाहवेना. तिने माझ्याजवळचा खालचा खण ओढला, त्यात तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं ते काढलं आणि फडकं सोडून मामाच्या पुढे धरलं. ओळंबा. इतक्या वर्षांत त्यावर डागसुद्धा पडलेला नव्हता. ती तो पुसत असली पाहिजे.

मामा हो-नाही करत राहिला. मग कपाट पुढे ओढून घ्यायला लावलं, स्टुलावर चढला आणि वरून दोरी सोडली. वजन हललं, थांबलं. दोरी वर भिंतीपासून सुटी, खाली सुटी, आणि मध्ये भिंतीला चिकटलेली. त्याने एक हात लांब सरकून पुन्हा सोडली. तेच. पुन्हा सोडली. टोकाला जाऊन सोडली. प्रत्येक वेळी तो वजन थांबायची वाट बघायचा, आणि आम्ही त्याची.

"पोट आलंय," तो म्हणाला. भिंत फुगली की गवंडी असंच म्हणतात. मग त्याने स्टुलावर उभ्यानेच डोळे मिटले आणि तळहात भिंतीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "हाताला सपाट लागतेय रे," तो म्हणाला. "तू लावून बघ."

मी हात लावला. माझ्या हाताला काय समजणार? पण फितीला समजलं होतं, दोरीला समजलं होतं. इतकी वर्षं गोल भिंती घोटून घोटून त्याच्या हाताची सपाटीच बदलली होती. जी बाहेरची खोली त्याने मजुरांवर ढकलली होती तिच्या भिंती बऱ्यापैकी सरळ होत्या. बिघडली ती एकच, जिच्यावर तो दोन दिवस जीव ओतत बसला होता.

मामी इकडेतिकडे बघत होती. गाठोडी उचलून त्यांच्या मागे बघितलं, दाराआड बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "ती काठी तिथेच राहिली का?"

रागावून नव्हे. मीठ कुठे आहे विचारावं तशी. मला वाटतं ती रागावली असती तर मामा सावरला असता, चार शब्द तोही बोलला असता. तो स्टुलावरून उतरला, ओळंब्याची दोरी नीट गुंडाळली आणि घराबाहेर पडला. इस्त्रीचा शर्ट अंगात होता तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो 'पट्टी'ला घेऊन आला.

पट्टी हाही गवंडीच. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. मामा टेकडीवर गेला आणि पट्टीने जन्मभर शाळेच्या भिंती, दवाखान्याचे व्हरांडे, नोकरांच्या खोल्या असलं काम केलं. पट्टी हे नाव त्याला मामानेच ठेवलेलं, कुचेष्टेने. ती लांब पट्टी भिंतीवरून ओढायची आणि पुढे चालायचं, त्यात कसली आलीय कला, असं तो चारचौघांत म्हणायचा. पट्टीच्या कानावर ते जायचं. तीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. मामा त्याच्या दारात जाऊन नेमकं काय बोलला ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

पट्टीने भिंत बघितली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता हा सगळं उट्टं काढणार. पण तो म्हणाला, "काम सुरेख आहे. इथे चालणार नाही, एवढंच."

"मी काढतो," मामा म्हणाला. आणि छिन्नी-हातोडी घेऊन त्याने आपला गिलावा आपल्या हाताने विटांपर्यंत खरवडून काढला. दुपार झाली. खोलीभर धूळ. मामी बाहेरच्या खोलीत मशीनवर शिवत बसली होती, पण मशीनचा आवाज येत नव्हता.

"माल कोण कालवणार?" पट्टीने विचारलं. मदतीला त्याने कुणाला आणलं नव्हतं.

"मी," मामा म्हणाला.

शंखघराचा जिना ज्याने केला, तो माणूस त्या दिवशी वाळू-सिमेंट कालवून घमेली भरभरून देत होता, आणि पट्टी "पातळ झाला", "थोडा घट्ट कर" म्हणत होता, जसं तो कुठल्याही बिगाऱ्याला म्हणाला असता. मामा घट्ट करायचा. भिंत भरत आली. पट्टीने लांब पट्टी फिरवली, ओळंबा सोडला, मग लाकडी रंध्याने, म्हणजे मुठीच्या सपाट फळीने, घोटायला लागला. मामा घमेलं खाली ठेवून उभा होता. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि ओल्या भिंतीकडे निघाला.

पट्टीने रंध्याने त्याच्या मनगटावर हलकेच टिचकी मारल्यासारखं केलं. "हात मागे," तो म्हणाला.

मामाने हात मागे घेतला. दोन्ही हात काखेत घातले आणि भिंत पुरी होईपर्यंत तसाच उभा राहिला. मी माणसांची घरं मोजतो, माणसांच्या भानगडीत पडत नाही. पण त्या वेळी मला मामाचं इतकं वाईट वाटलं, की मी चहा आणायचं निमित्त करून बाहेर गेलो.

दहा दिवसांनी कपाट पुन्हा रेटलं. टकदिशी आवाज झाला आणि ते जागच्या जागी बसलं. मामीने मशीनवरचा एक कागद घेतला आणि कपाटाच्या कडेने आत सारून बघितला. जाईना. दुसऱ्या कडेने बघितला. तिथेही जाईना. वरून सोडून बघितला, तो कपाटावरच राहिला. मग तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"एवढं काय बघण्यासारखं आहे त्यात?" थोड्या वेळाने मामाने विचारलं.

"काही नाही," मामी म्हणाली, आणि बघत राहिली.

काठी तिने मला देऊन टाकली. शंखघरातून आणलेल्या सामानात ती सापडली होती. माझ्या ऑफिसात कपाटामागे पडलेल्या फायली काढायला ती अजून उपयोगी पडते.

मामाला आता नवं काम झेपत नाही, पण टेकडीवरच्या घरांवर कुणीतरी एक जाडजूड चित्रांचं पुस्तक काढायला घेतलं आणि त्यांना कुठून तरी मामाचा पत्ता लागला. मागच्या वर्षी दोन बायका आणि एक कॅमेरावाला आले. ज्याने शंखघर घडवलं त्याने स्वतःसाठी काय बांधलं असेल, हे त्यांना बघायचं होतं. रस्त्यावरून त्यांनी दोनदा घर ओलांडून पुढे जाऊन परत शोधलं. दोन चौकोनी खोल्या बघून त्यांची तोंडं उतरली. मी हजर होतो, मला जरा गंमतच वाटली.

मामा त्यांना थेट आतल्या खोलीत घेऊन गेला. "ही भिंत बघा," तो म्हणाला.

तिघांनी पाहिली. कॅमेरावाल्याने कॅमेरा वर केला आणि कशाचा फोटो काढायचा ते न कळून खाली घेतला. "ही तुम्ही केलीत?" त्यातल्या एका बाईने विचारलं.

"नाही. माझ्या सोबत्याने केली," मामा म्हणाला. "माल मी कालवला."

शंखघरात पाहुण्यांना 'हा जिना माझा' असं सांगताना त्याचा जसा आवाज असायचा, अगदी तसाच होता. बाईंना वाटलं, खरी गोष्ट कपाटाच्या मागे असणार. त्या पुढे झाल्या, कडेला गाल लावून आत डोकावायला लागल्या. मामी चहाचे कप घेऊन दारात आली होती.

"मागे काही दिसायचं नाही हो," ती म्हणाली. "जागाच नाही."